क्वार्टरच्या दारावरचा रंग

देवळी गावात आम्हाला स्वतःच्या घराची चावी मिळाली, तो दिवस आज आठवला. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. एका सरकारी खात्याने आपली जुनी क्वार्टर्स विकायला काढली होती आणि त्यातलं एक आम्ही घेतलं होतं.

माझा मुलगा तेव्हा रांगत होता. त्याला कडेवर घेऊन मी दारात पोचले, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई जवळजवळ धावतच आल्या... पुष्पाताई. त्यांनी वर्षभर आधी, पहिल्या विक्रीतच तिथे घर घेतलं होतं.

"लेकराले आत नेऊ नका, बाई!"

"काऊन?" मी जरा चिडूनच विचारलं.

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. हिरव्या ऑइलपेंटचे पोपडे सुटले होते. "ह्या रंगात शिसं हाये. माही पोरगी हे पोपडे खात होती, गोड लागते म्हणून. पोट दुखे, पिवळी पडली... मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तवा समजलं."

मी मुलाला घट्ट धरलं. ताईंनी स्वतःच्या घरातला रंग केव्हाच काढून घेतला होता. पण त्या दिवशी चाव्या वाटणार हे कळलं, तशा त्या सकाळपासून प्रत्येकाला सांगत फिरत होत्या. काहीजण हसले, काहीजण म्हणाले, "घरायचे भाव पाडून राह्यली ही."

मग त्या सरळ चाव्या वाटणाऱ्या खात्याच्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. आम्हीही मागे गेलो.

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, घरं आहे त्या स्थितीत विकली आहेत. तसं कागदावर लिहिलंय."

"मंग ते रांगत्या लेकरायलेही सांगा, साहेब. त्यायले वाचता नाई येत."

माझे यजमान मुळात कमी बोलणारे. ते पुढे झाले आणि नुकतीच मिळालेली चावी त्यांनी टेबलावर परत ठेवली. "रंग काढा, मंग न्यायले येतो."

मी बघतच राहिले! त्यांच्यामागून आणखी काहीजणांनी चाव्या ठेवल्या. सगळ्यांनी नाही, पण साहेबांना खुर्चीतून उठावं लागलं इतक्यांनी.

आमची ती दिवाळी भाड्याच्या खोलीतच झाली. खात्याने मजूर लावले. धूळ उडू नये म्हणून रंग ओला करून खरवडायचा, हे ताईंना दवाखान्यात सांगितलं होतं. नाकाला पदर लावून त्या रोज येऊन बघत... पोपडे पोत्यात भरले की नाही, अंगणात सांडले तर नाहीत ना.

त्यांच्या मुलीचं पोटाचं दुखणं थांबलं, पण शाळेत ती मागेच राहिली. ताई तिला एकच धडा पुन्हा पुन्हा शिकवायच्या, न कंटाळता.

माझा मुलगा त्याच घरात रांगला, चालला, भिंतींवर रेघोट्या मारत मोठा झाला. पुष्पाताईंना स्वतःसाठी त्या दिवशी काहीच मिळवायचं नव्हतं... त्यांच्या लेकीच्या वेळी सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून माझ्या लेकराच्या वेळी त्या धावत आल्या.