तांबड्याचं सोवळं

"गुरुजी, पोरगी काय करून राह्यली सध्या?" असं कोणी विचारलं, की मी सांगतो, गोगलगाई गोळा करते. मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. जनावरांची डॉक्टर झालेली, पुढच्या शिक्षणासाठी शहरात गेलेली मुलगी गावी परत येऊन गमबूट घालून तलावात उतरते म्हणजे हिचं कुठेतरी बिनसलं असणार, असं त्याला वाटतं. पूर्वी मी चिडायचो. आता मुद्दाम एवढंच सांगतो आणि गप्प बसतो.

मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बैल घोरतात. नाकातून घर्र घर्र आवाज, चिकट शेंबूड, कधी रक्त. औताला जुंपलं की थोड्याच वेळात धापा टाकायला लागतात. जन्मापासून हे ऐकत आल्यामुळे बैल म्हटला की घोरणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. मुलीने सांगितलं, की बैलाच्या नाकातल्या शिरांत एक बारीक कृमी राहतो. त्याची अंडी शेंबडाबरोबर तलावात पडतात. अंड्यातून निघालेला जीव गोगलगायीत शिरतो, तिच्या पोटात वाढतो, एकाचे शेकडो होतो आणि पुन्हा पाण्यात येऊन तिथे उभ्या असलेल्या बैलाच्या कातडीतून आत घुसतो. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण मी नोकरीभर पोरांना शिकवली. तिच्या पोटात एवढं काही चाललेलं असतं, हे मला निवृत्तीनंतर घरच्या घरी कळलं.

कोणत्या गोगलगायीतून हे जीव बाहेर पडतात ते बघायला तिने एकेक गोगलगाय पाण्याच्या ग्लासात घातली आणि ते ग्लास ओसरीवर उन्हात मांडले. ग्लास पाहुण्यांचे. ते बघून तिची आई कडाडली, "ह्याच ग्लासात आता व्याह्याले चहा देऊ काय माय?"

"आधी व्याही तं येऊ दे," मुलगी म्हणाली.

मी हसलो, म्हणून उरलेली बोलणी मला बसली. पण ऊन चढल्यावर मुलीने एक ग्लास काळ्या कापडासमोर धरला आणि मला हाक मारली. पाण्यात धुळीसारखे कण दिसत होते. धूळ खाली बसते, हे कण वर चढत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्रत्येकाला शेपटी आणि शेपटीला बैलाच्या शिंगांसारखे दोन फाटे. मी बराच वेळ डोळा काढला नाही. ज्या तलावात मी पोहायला शिकलो, त्याचं पाणी मी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

या रोगावर सुई आहे. ती दिली की बैल बरा होतो आणि काही महिन्यांनी पुन्हा घोरायला लागतो. शेजाऱ्याच्या बैलाचं तसंच झालं होतं. तो म्हणायचा, "सुईत आता दम नाई राह्यला गुरुजी. रोगाले तिची सवय झाली." गावाचंही तेच मत. तिच्या संशोधनावर देखरेख करणाऱ्या शहरातल्या सरांनाही तीच शंका होती, फक्त ते त्या शंकेने खूश होते. या भागातला कृमी औषधाला दाद देत नाही असं सिद्ध झालं, तर ती मोठी गोष्ट ठरणार होती. मुलीचं नाव लांबवर जाणार होतं. बाप म्हणून मलाही त्याचा मोह होताच.

अडचण अशी, की आमची जोडीसुद्धा घोरत होती. एक तांबडा, एक पांढरा. मी घरात सांगून टाकलं होतं, की या खेपेला सुई लागू पडली नाही, तर पोळा झाला की दोघेही बाजारात जातील. बसवून खाऊ घालायची माझी ऐपत नाही. घोरणाऱ्या बैलाला बाजारात कोण आणि कशासाठी विचारतो, ते कोणाला सांगायला नको. तेव्हा सुई हरली तर मुलीचं नाव होणार आणि बैल जाणार, असा तो पेच होता.

चैत्रात मुलीने दोघांनाही सुई दिली आणि मग म्हणाली, "पांढरा रोजच्यासारखा तलावावर जाईन. तांबडा आजपासून घरी राहीन, विहिरीचं पाणी पिईन."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे पांढऱ्याले आपल्या हातानं दुखणं लावतं काय तू?"

"रोज सारं गावच लावते बाबा. आपणबी लावतच आलो. त्याले कोणी काही म्हणत नाई."

"मंग दोघायलेबी घरी ठेव!"

"तं गाव म्हणन, गुरुजीचे बैलच दणकट. सुई बरी हाये, तलावच पुन्हा रोग लावते, हे कोणाले पटन?"

मी दिवसभर धुसफुसत राहिलो. रात्री जेवताना मनात म्हटलं, बरोबर बोलते कार्टी.

उन्हाळाभर तिने तांबड्यासाठी विहिरीचं पाणी शेंदलं. त्याला तलावाकाठचं गवत नाही, दुसऱ्याच्या टाक्यातलं पाणी नाही. पांढरा तलावाकडे निघाला की तांबडा दाव्याला हिसके देऊन हंबरायचा आणि ती त्याची मान खाजवत बसायची. गावाला विषयच मिळाला. गुरुजींचा बैल सोवळ्यात बसला, असं जो तो म्हणायला लागला. शेजारी तर रोज विचारायचा, "गुरुजी, तांबड्याची मुंज कवा करता?" मी चिडायचो, ती हसायची. एवढं सोसायचं बळ तिने कुठून आणलं कोण जाणे, माझ्याकडून तरी नक्कीच नाही.

सुईनंतर दोघांचंही घोरणं थांबलं होतं. श्रावणात पांढऱ्याचं नाक वाहायला लागलं. मग बारीक घर्र सुरू झाली. आता तांबड्याचा नंबर, असं धरून मी रोज सकाळी त्याच्या नाकाशी कान लावायचो. मुलगी त्याचा शेंबूड तपासायची आणि मी विचारलं की एवढंच म्हणायची, "घाई करू नका बाबा. पोळा होऊ द्या."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि रीतीप्रमाणे आवतण दिलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावचे बैल धुवायला तलावावर निघाले. शेजारी दारात आला. "वर्षाचा सण हाये बाई. आज तरी उतरू दे त्याले पाण्यात. एका दिवसानं काय होते?" तिची आईसुद्धा विरघळली होती. मलाही तसंच वाटत होतं.

"एका दिवसानंच होते काका," ती म्हणाली. पांढरा गेला. तिने साडीचा पदर खोचला आणि तांबड्याला अंगणात विहिरीच्या पाण्याने धुतलं, खुरांपासून शिंगांपर्यंत.

संध्याकाळी बैल तोरणाखाली उभे राहिले. झुली, बाशिंगं, घुंगरं, वाजंत्री. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, हर हर महादेव झालं आणि तोरणाची पूजा सुरू झाली तसं सगळं थोडं शांत झालं. तेव्हा तो आवाज ऐकू आला. पांढरा घोरत होता. शेजाऱ्याचा घोरत होता. पलीकडचे घोरत होते. रांगभर घर्र घर्र चाललं होतं आणि मधे तांबडा उभा होता. शेजारी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तांबड्याच्या नाकपुड्यांपुढे हात धरला.

"गुरुजी," तो म्हणाला, "हा श्वास घेते का नाई?"

आजूबाजूचे दोघे-तिघे पुढे आले. त्यांनीही हात धरून पाहिला. कोणी हसलं नाही. एकाने विचारलं, "एकाच दिवशी सुई देल्ती ना दोघायले?" मी हो म्हणालो. साऱ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की ही माझी मुलगी आहे.

ती तांबड्याजवळ नव्हती. पांढऱ्याच्या पलीकडे उभी राहून ती पदराने त्याचं नाक पुसत होती आणि रडत होती. सुई तिने घरी तयारच ठेवली होती. पूजा संपली की आधी त्याला द्यायची, मग पुरणपोळी.

मी जवळ जाऊन म्हणालो, "सुई हरली असती तं तुहं नाव झालं असतं, माय."

"मंग दोघंबी गेले असते, बाबा," ती म्हणाली. "चला घरी. सुई देतानी धरा ह्याची मान."