नटावरचं तेल

आमच्या घरात कुरकुरणारी कुठलीच गोष्ट दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे. बाबा खडकीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि निवृत्तीनंतरही त्यांची तेलाची कुपी खिडकीत हाताशी असायची. दाराची बिजागरी असो, आईचं शिलाई मशीन असो की माझी सायकल. "दोनच थेंब. तिसरा घालतो तो अडाणी," हे त्यांचं शास्त्र. लहानपणी ते कामावरून आले की आधी तेलाचा वास घरात यायचा, मग बाबा.

पुढे विडीने त्यांची फुप्फुसं निकामी केली आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत ऑक्सिजनचा सिलिंडर आला. माझ्या छातीपर्यंत उंच, साखळीने भिंतीला बांधलेला. शेजारी भरलेला दुसरा. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीनच लागले होते. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे दुपारनंतर कामावर जायची, म्हणून सकाळी बाबांकडे मी बघायची. ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नळीत जायचा. बुडबुडे चालू म्हणजे बाबा चालू, एवढंच मला कळत होतं.

आगीची मात्र आम्ही पुरेपूर धास्ती घेतली होती. आईने बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती आणि अगरबत्तीसुद्धा बंद केली होती. बुद्धवंदना नुसते हात जोडून व्हायची. तेलाचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या घरात तेल म्हणजे औषध.

मागच्या वेळी सिलिंडर बदलताना रेग्युलेटरचा नट अडकला होता. मी पान्याने जोर लावतेय आणि मागे बाबांचे ओठ जांभळे पडताहेत. नट शेवटी सुटला, पण मला भीतीने जे धरलं ते सोडेचना. पुढच्या वेळी नाहीच सुटला तर? ऑफिसात स्क्रीनसमोर बसूनही मला तो नटच दिसायचा.

म्हणून एका सकाळी, आई भाजी आणायला गेलेली आणि बाबांचा डोळा लागलेला असताना, मी कुपी उचलली. चालू सिलिंडरच्या नटावर तेल सोडलं, भरलेल्या सिलिंडरच्या तोंडावरही. दोन थेंबांवर माझं भागलं नाही. भीतीच्या भरात सात-आठ तरी घातले असतील. वर स्वतःला शाबासकीही दिली.

तासाभराने सिलिंडर पोचवणारे गृहस्थ आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. ऑक्सिजन संपत आल्याने काटा लाल पट्ट्यात गेलेला पाहून म्हणाले, "ताई, आलोच आहे तर बदलून देतो." त्यांनी नटाला पाना लावला आणि त्यांची बोटं घसरली. बोटं नाकाशी नेली आणि ते जागच्या जागी थिजले.

"हे तेल कुणी लावलं?"

मी खिडकीतल्या कुपीकडे पाहिलं.

"ऑक्सिजनला तेल चालत नाही, ताई. तेलावर एवढ्या दाबाने आला की काडी लागत नाही, आपोआप पेटतं. आत्ता मी हा भरलेला उघडला असता, तर..."

'मी' एवढंच म्हणायचं होतं.

"मी," मागून आवाज आला. बाबा जागे होते. "लावलं. सवय."

तीन शब्द, आणि प्रत्येक शब्दामागे ओढलेला श्वास. त्या गृहस्थांनी बाबांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. पलंगापासून सिलिंडर चार पावलांवर होता आणि ते पाय महिनाभर जमिनीला लागले नव्हते.

"काका, पुन्हा लावू नका," एवढंच ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रेग्युलेटर नवा लागेल. गोदामातून घेऊन येतो. तोवर चालू सिलिंडरला हात लावू नका, उरलंय तेवढं येऊ द्या." तेल लागलेला भरलेला सिलिंडर त्यांनी बाहेर नेला आणि टेम्पो निघून गेला.

आई अजून बाजारातून आली नव्हती. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. नट पेटेल म्हणून भीती आणि बुडबुडे थांबतील म्हणूनही. फोन त्याच खोलीत होता, पण तो उचलला तरी ठिणगी पडेल असं वाटायचं. मी बाबांचा हात धरून बसले. बुडबुडे विरळ होत गेले. मग एक आला आणि त्याच्यामागून दुसरा आलाच नाही. बाबांचे खांदे वरखाली व्हायला लागले. मी त्यांचे श्वास मोजू लागले आणि मध्येच आकडा विसरले.

टेम्पो आला. गृहस्थ धावत आत आले, पण आधी मोरीत गेले. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कोरड्या फडक्याने पुसले. मला किंचाळावंसं वाटत होतं. मग त्यांनी नवा सिलिंडर, नवा रेग्युलेटर जोडला आणि चावी अगदी हळू फिरवली. बाटलीत बुडबुडे आले.

ते गेल्यावर मी रडत विचारलं, "बाबा, तुम्ही का नाव घेतलंत स्वतःचं?"

ते म्हणाले, "फिटरच्या पोरीला... दोन थेंब मोजता येत नाहीत... हे बाहेर कशाला सांगायचं?"

त्यांनी माझा हात ओढून नाकाशी नेला. मी तो तीनदा धुतला होता. डोळे मिटून ते माझी बोटं हुंगत राहिले.

"येतोय अजून," ते म्हणाले. "जा, परत धू."