खुंटावरचे शिंपले

मला पाण्याची भीती वाटते, हे मी कुणापासून लपवत नाही. नातवंडं हसतात. समुद्रावर नेऊन मला खुर्चीत बसवतात आणि स्वतः लाटांत उड्या मारतात. मी खुर्चीतून ओरडत राहते, "मागं या रे, मागं या!" माझ्या ओरडण्यानं त्यांची मजा जाते हे मला कळतं, पण माझा इलाज नाही.

आम्ही घाटावरची माणसं, वारणाकाठची. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं त्या वर्षांत वडील तिथं फिटर म्हणून लागले आणि आमचा संसार बोईसरजवळच्या पत्र्याच्या खोलीत आला. वडिलांना मासे धरायचं भारी वेड. रविवार उजाडला की ताडपत्री, दोन बांबू, गळ, पातेली आणि आम्ही तिघं, म्हणजे आई, मी आणि तीन वर्षांचाही नसलेला माझा भाऊ, असा सगळा लवाजमा खाडीवर निघायचा. सुरूच्या झाडांखाली ताडपत्री ताणायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच राहायचं. वारणेवर शिकलेलं सगळं वडिलांनी खाडीवर आणलं होतं, अगदी गांडुळांचा डबासुद्धा. पाणी ते पाणी, त्यात काय वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

आईनंही गावाकडची एक रीत सोबत आणली होती. रानात तण भांगलायला गेलेल्या बायका पोराच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायच्या आणि दुसरं टोक बाभळीला. पोर विहिरीकडे जात नाही, दगडाखाली हात घालत नाही, आणि आईचे हात कामाला मोकळे राहतात. मी अशीच वाढले. खाडीवर गेलं की भाऊ आपणहून दोन्ही हात वर करून आईपुढं उभा राहायचा. पट्टी बांधली म्हणजे सहल सुरू झाली, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी अमावास्या होती. थंडीचे दिवस. आई सकाळपासून कुरकुरत होती, "अवो, आवस हाय आज. आवशीचं पोरांना घिऊन कुठं भाईर पडायचं?"

"भुतास्नी बी रविवारची सुट्टी असती," वडील म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ताडपत्री खांद्यावर टाकून चालू लागले.

खाडीवर पोचलो तर पाणीच नाही! इतकी रिकामी खाडी आम्ही कधी पाहिली नव्हती. मधोमध एक धार आणि बाकी सगळी ओली, घट्ट वाळू. वडील हरखले. आज झाडाखाली नाही, धारेजवळच मुक्काम, म्हणाले. काठालगत घोट्याइतक्या पाण्याचा एक ओघळ होता, तो ओलांडून आम्ही खाली उतरलो. वाळूत कोळ्यांनी जाळी बांधायला ठोकलेले जाडजूड खुंट उभे होते. आयते खांब मिळाले म्हणून वडिलांनी त्यांनाच ताडपत्री बांधली. आईनं भावाची पट्टी एका खुंटाला बांधली.

त्या खुंटावर खालपासून वरपर्यंत शिंपले चिकटले होते, पांढरे, धारदार. वडिलांच्या डोक्याच्याही वर.

"इतक्या वर कसं चढलं वो हे?" मी विचारलं.

"लाटांनी उडाल्यालं असत्याल," वडील म्हणाले आणि गळ घेऊन धारेच्या कडेनं लांब निघून गेले.

भाऊ ताडपत्रीच्या सावलीत झोपला. जळण आणायला आई आणि मी काठावर गेलो. सुरूच्या वाळक्या काटक्या मी परकराच्या ओच्यात भरत होते, तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण बांधावरून ओरडली, "ए बायो, त्यो पोर कोनाचा? भरती आयली! आज उधान हाय!"

उधाण म्हणजे अमावास्या-पुनवेला चढणारी मोठी भरती, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? पण तिचा आवाज कळला. मी वळून पाहिलं. घोट्याइतका ओघळ आता चांगला रुंद झाला होता आणि त्यातलं पाणी उलटं, समुद्राकडून आत धावत होतं. त्यापलीकडे वाळू नव्हतीच. ताडपत्रीखाली पाणी चमकत होतं.

आई जळण टाकून धावली. "तू थांब हितंच!" असं ती म्हणाली, पण एकटी थांबायची मला जास्त भीती वाटली. मी तिच्या मागं पाण्यात शिरले. पाय लागत होते, पण पाणी ढकलत होतं.

भाऊ उभा होता. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं आणि तो दोन्ही हातांनी ते उडवत हसत होता. त्याचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

आईनं गाठीला हात घातला. भिजलेल्या लुगड्याची गाठ दगडासारखी आवळली होती. कमरेचीही तशीच. खुंटाकडची गाठ तर पाण्याखाली गेली होती. पट्टी इतकी आखूड, की त्याला उचललं तरी माझ्या कमरेच्या वर येईना. "धर त्याला, वर धर!" आई ओरडत होती. मी धरला. पाणी माझ्या पोटावरून छातीवर आलं. आता तोही रडायला लागला, माझे केस ओढायला लागला. आईनं दातांनी गाठ ओढून पाहिली. वडिलांना हाका मारल्या. ते धावत येत होते, पण पाण्यातून माणूस धावणार तरी किती? पाणी भावाच्या हनुवटीला लागलं. हा आपल्या हातात मरणार, असं मला स्पष्ट वाटलं.

मग आईनं पट्टी दोन्ही हातांत ताणून धरली आणि खुंटावरच्या शिंपल्यांवर घासायला सुरुवात केली. वर, खाली, वर, खाली. तिच्या तोंडून नुसता हुंकार निघत होता. पाणी लाल झालं. शिंपले तिचे तळवेही कापत होते, पण ती थांबली नाही. एकाएकी पट्टी तुटली आणि मी भावासकट मागं पडले.

नाकातोंडात खारं पाणी गेलं एवढंच आठवतं. वडिलांनी आम्हाला उचललं. भाऊ त्यांच्या खांद्यावर, माझी वेणी आईच्या रक्ताळलेल्या मुठीत, असे आम्ही काठाला लागलो. कोळणीनं भावाला ओढून घेतलं आणि आपल्या पदरानं पुसलं. मागं पाहिलं तर ताडपत्री दिसत नव्हती. थोड्या वेळानं खुंटही दिसेनात. वडील त्या सपाट पाण्याकडे बघत वाळूत बसले होते आणि आम्हा तिघांना बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होते. त्यांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझी भीती त्या क्षणी दुप्पट झाली.

कमरेची गाठ घरी येऊन कात्रीनं कापावी लागली.

पुढच्या रविवारी आम्ही घरातच होतो. आईच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली, म्हणून भाकरी वडील थापत होते. भाऊ मात्र सारखा दाराकडे बघत होता. आज रविवार असून अजून निघत का नाही, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तो उठला, दोरीवर वाळत घातलेलं एक फडकं ओढून आणलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर करून तिच्यापुढं उभा राहिला.