धुतलेली रेव

“देवधर, तळाशी ही घाण कसली? परवा दिल्लीचे साहेब येतायत.”

कर्णिकसाहेब काचेवर बोट ठेवून उभे होते. कलकत्त्यात खिदिरपूरला गोदीजवळ एका सरकारी कंपनीचं ऑफिस होतं आणि तिथल्या रिसेप्शनमध्ये आम्ही सहा फुटी टँक बसवला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमची कंपनी मत्स्यटँकचे फिल्टर बनवायची, मी तिथे टेक्निकल ऑफिसर. मोठं नाव, काम मात्र गिऱ्हाइकाला हो म्हणायचं.

तो फिल्टर साधा होता. टँकच्या तळाशी भोकं पाडलेली प्लास्टिकची प्लेट, वर तीन इंच रेव. एअर पंप नळीतून पाणी वर ओढतो, म्हणून टँकमधलं पाणी रेवेतून खाली झिरपतं. रेवेवर बॅक्टेरिया वाढतात आणि माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया, म्हणजे माशांचं विष, ते पचवतात. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. साहेबांना दिसत होता तो तपकिरी थर म्हणजेच आमचा फिल्टर.

मी हे सांगितलं. साहेब हसले. “तुमचं मराठी कलकत्त्याचं, आणि शास्त्रही कलकत्त्याचं. स्वच्छ म्हणजे स्वच्छ हो. ब्लीचिंग पावडर टाका, खळखळून धुवा.”

मुंबईहून बदलून आलेला मोठा अधिकारी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही शेजारी बसून आरती म्हटलेली. शिवाय त्यांच्या आणखी दोन ऑफिसांची ऑर्डर आमच्याकडे यायची होती. मी मान डोलावली. मला तेव्हाच लाज वाटली होती, पण मान काही थांबली नाही.

टँक सांभाळायचे आमचे नितायदा. पन्नाशीचे, रोज बराकपूरहून सियालदहला लोकलने यायचे. टँकमधली झाडं त्यांनीच तिकडच्या पुकुरांमधून, म्हणजे तळ्यांमधून, आणून लावली होती. पट्टीसारख्या लांब पानांच्या त्या पाणवनस्पतीचं एकेक रोप ते दोन बोटांत धरून रोवायचे.

मी त्यांना म्हटलं, रेव काढून धुवा. त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं.

“बाबू, ओटा मोयला नोय. ओटाई तो काज कोरे.” ती घाण नव्हे, तीच तर काम करते. बी.एस्सी. मी होतो, पण शास्त्र ते बोलत होते.

“साहेबांचा हुकूम आहे, नितायदा.”

“आपनि बोलछेन?” तुम्ही सांगताय?

“हो, मी सांगतोय.”

त्यांनी धुतली. झाडं उपटली, पुन्हा लावली. पाणी आरशासारखं झालं. दिल्लीच्या साहेबांनी एंजल माशांचं कौतुक केलं आणि कर्णिकसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागावर तोंडं काढून धापा टाकू लागले. कल्ले लालभडक. पाणी तसंच नितळ, कारण अमोनिया डोळ्याला दिसत नाही. नितायदांनी दिवसभर बादल्यांनी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बिस्किटांचा मोठा डबा छातीशी धरून आले. घरच्या जुन्या टँकमधली ओली, तपकिरी रेव त्यांनी आणली होती. अचूक उपाय. तयार बॅक्टेरिया डब्यातून टँकमध्ये हलवायचे, एवढंच.

कर्णिकसाहेबांनी डब्यात डोकावून नाक दाबलं. “आत्ता कुठे स्वच्छ केलंय, आणि हा चिखल परत घालतोय? बाहेर काढा याला.”

मी तिथेच होतो. “साहेब, एकदा घालून तर बघू,” इतकंच पुटपुटलो. दरवानाने नितायदांना डब्यासकट फाटकाबाहेर नेलं. दोन दिवसांत एकही मासा उरला नाही.

साहेबांनी रिपोर्ट मागितला. आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“देवधर, चूक गिऱ्हाइकाची असं लिहून चालेल?”

“नाही, सर.”

“तुमची?”

मी टेबलावरच्या फायलीकडे बघितलं. माझी नोकरी, माझं घर, सगळं त्या एका उत्तरावर होतं.

“मग कोणाची ते लिहून आणा.”

मी टाइप केलं: देखभाल करणाऱ्या कामगाराने परवानगीशिवाय रेव धुतली. खाली माझी सही. त्याच संध्याकाळी नितायदांना काढलं. ते भांडले नाहीत. मला म्हणाले, “बाबू, नोतून लोकके बोलबेन, बालि धोबे ना.” नव्या माणसाला सांगा, रेव धुऊ नकोस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन ऑफिसांची ऑर्डर आली. मला बढतीही मिळाली.

पुढची वीस वर्षं हाताखालच्या प्रत्येक माणसाला मी एक नियम शिकवला: रेव धुण्याचा हुकूम कधी तोंडी घेऊ नका, लेखी मागा. नितायदांनी माझ्याकडे तो हुकूम लेखी मागितला नव्हता.