पाटी द्यायची की ठेवायची

त्या दिवसांत मी घरात कुठेच धड बसत नव्हते. चहा ठेवायचा, उतू जाऊ द्यायचा, पुसायचं, पुन्हा ठेवायचा. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर कुणीतरी तरुण दोन मशीन शेजारी शेजारी ठेवून लांबलचक तुलना करायचा आणि शेवटी सांगायचा, कुठलं घ्यायचं ते तुमच्या गरजेवर आहे. असल्या माणसांचा मला फार राग येतो. माझी गरज मला कळली असती तर मी तुझं तोंड कशाला बघत बसले असते?

माझ्याकडे होता तो टॅब्लेट दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. खाली कीबोर्ड चिकटवला की लॅपटॉप, उपटला की नुसती पाटी. बाबा त्याला पाटीच म्हणायचे. सोबत एक पेन, त्याने काचेवर लिहिता येतं. घेतला तेव्हा मला वाटलं होतं, एकात दोन मिळाले. वापरायला लागल्यावर कळलं, एक ना धड भाराभर चिंध्या. मांडीवर ठेवला तर मागचा पाय घसरून तोंडावर पडतो, आणि टेबलावर ठेवला तर खालच्या मजल्यावरच्या कापड कारखान्यातले लूम सुरू झाले की थरथरत थरथरत कडेला येतो. मी दिवसभर एका हाताने त्याला मागे ढकलत काम करायचे.

काम म्हणजे ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांच्या तक्रारी ऐकणं. आमच्या भिवंडीच्या चहूबाजूंनी गोदामं उभी राहिली आहेत, तिथून माल देशभर जातो. चुकीचा माल गेला की चिडलेलं माणूस फोन करतं आणि मी घरात बसून, कानाला हेडफोन लावून, त्याला शांत करते. कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं आणि माझी पाटी मान टाकायला लागली. ऐन भांडणात कॉल तुटायचा. गिऱ्हाईक समजायचं मी मुद्दाम ठेवला. वरच्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं की मशीन बदला, नाहीतर तुमची शिफ्ट दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आम्हाला सगळ्यांना तोच गोड आवाज शिकवलेला आहे, त्यामुळे धमकी ओळखू येते.

नाक्यावरच्या दुकानात मला हवा तसा लॅपटॉप होता. दुसऱ्या कंपनीचा, पाटीच्या कंपनीशी हाडवैर असलेल्या. जुनं मशीन दिलं तरच तो मला झेपेल अशा किमतीत मिळत होता. पाटी ठेवून लॅपटॉप घेणं माझ्या खिशात बसत नव्हतं. म्हणजे पाटी द्यायलाच हवी होती, आणि पाटी दिली तर मी बाबांशी बोलणार कशी, हे मला समजत नव्हतं.

बाबा सगळं आयुष्य लूममध्ये होते. जॉबर, म्हणजे लूम बिघडला की तो खोलून दुरुस्त करणारा माणूस. त्या खडखडाटात कान गेले. आमच्या गल्लीत यात कुणाला नवल वाटत नाही. एका वयानंतर माणूस चष्मा लावतो तसं इथे एका वयानंतर माणूस ‘काय?’ म्हणायला लागतो. आई होती तोवर मला त्याची झळ लागली नाही. आईनेही लग्नानंतर बरीच वर्षं त्याच कारखान्यात कांड्यांवर सूत भरायचं काम केलं होतं. ती बोलायची, बाबा उत्तर द्यायचे. तिचा आवाज मुळातच खणखणीत, त्यामुळे मला वाटायचं ती त्यांच्या कानात ओरडते आणि त्यांना थोडंफार ऐकू येतं. ती गेली आणि मी बोलायला लागले तर बाबा नुसते माझ्याकडे बघत बसायचे. मग म्हणायचे, “न्हाय कलला.” दोनदा, तीनदा तेच. मला वाटलं, आईबरोबर त्यांचे उरलेसुरले कानही गेले.

कानाचं मशीन आणलं. ते डबीत आहे. त्यात शिट्टी वाजते म्हणतात. खडू-पाटी आणली, तर म्हणाले, “मी बालवाडीत हाय का?” फोनच्या पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत. शेवटी एक दिवस कंटाळून कीबोर्ड उपटला, पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘भात लावू की भाकरी?’ आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पाटी हातात घेतली, मला शेजारी बसायला जागा केली, सावकाश वाचलं आणि म्हणाले, “भाकरी.” तेव्हापासून आमचं हे असंच. शिफ्ट संपली की मी पाटी घेऊन त्यांच्या शेजारी बसायचे. मी लिहायचे, ते वाचून बोलायचे, तेही मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही. शिफ्ट चालू असताना बोलले तर गिऱ्हाईक मला विचारायचं, मॅडम, तुमच्याकडे भांडण चाललंय का?

आता सांगा, पाटी कशी द्यायची?

लॅपटॉपला झाकण असतं, ते उपटून माणसाच्या हातात देता येत नाही. दुकानात मी करून पाहिलं होतं. कीबोर्डवर टाइप केलं आणि अख्खा लॅपटॉप विक्रेत्याकडे वळवला. तो म्हणाला, “मॅडम, काय टेस्ट करताय?” मी म्हटलं, काही नाही. घरी आले आणि ठरवलं, नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉल तुटला आणि ठरवलं, घेऊन टाकू. मग कुणी म्हणालं, लॅपटॉपला आत पंखा असतो, आपल्याकडे हवेत लूमचा कापूस, पंख्यात बसतो आणि मशीन तापतं. मला मनातून आनंद झाला. न घेण्याचं कारण मिळालं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “महिन्याला आणून द्या, साफ करून देतो.” तेही कारण गेलं. लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो, तशी मी उड्या मारत होते, आणि या वयात उड्या मारणाऱ्या माणसाचं हसं होतं एवढंच.

बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. पण घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक सारखं येरझाऱ्या घालतंय, तर दुसऱ्याला कळणारच. एका दुपारी त्यांनी विचारलं, “बाय, तुला झालंय काय?” मी पाटीवर सगळं लिहिलं. कॉल, शिफ्ट, लॅपटॉप, पाटी द्यावी लागेल. एवढं लिहिताना पाटी दोनदा अडकली. त्यांनी वाचलं. मग उठून इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, “चल. कोन घेतो ती बगूया तरी.”

दुकानाचं दार काचेचं, आत एसी. बाहेर रस्त्याचं खोदकाम आणि त्यातून वाट काढणारे कंटेनर. विक्रेत्याने पाटी हातात घेतली, उलटसुलट केली, कोपऱ्यातल्या चऱ्यावर बोट फिरवलं. “मॅडम, आज बोला. ऑफर उद्या असेल का सांगता येत नाही.” मी म्हटलं, थांबा जरा. तो म्हणाला, “मागच्या वेळीपण थांबा म्हणालात.” मी बाबांना विचारायला वळले, तर बाबा जागेवर नव्हते. काचेच्या दारापाशी जाऊन बाहेर बघत उभे होते आणि तोंड वेडंवाकडं करत होते.

मला वाटलं, त्यांना काहीतरी होतंय. जवळ गेले तर रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर एक चाचा उभे. बाबांबरोबर त्याच कारखान्यात लूम चालवायचे, उत्तरेकडचे, मी लहानपणापासून ओळखते. चाचाही तोंड तसंच वेडंवाकडं करत होते. ओठ ताणून, जबडा उघडून, मध्येच बोटांनी काही खूण. आवाज कुणाचाच नाही. मध्ये कंटेनर आला की दोघं थांबायचे. कंटेनर गेला की जिथे थांबले तिथून पुढे. एकदा बाबा पोट धरून हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

चाचांनी हात वर केला आणि निघून गेले. बाबा माझ्याकडे वळून, त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या दुकानाला बातम्या सांगायला लागले. चाचांना नात झाली. ते गावाहून परत आले, आता अंजूरच्या गोदामात रखवाली करतात. गुडघा धरलाय. “मी बोललू त्याला, वज्रेश्वरीला जा, गरम पान्याच्या कुंडात बस चार दिस.” वर एक किस्साही होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

लूममध्ये ओठांवरून बोलतात हे मला ठाऊक होतं. पण मला वाटायचं, धागा तुटला, चहा आला, शेठ आला, एवढ्यापुरत्या खुणा असतील. नातीची आणि गुडघ्याची अख्खी हकिकत, तीही रस्त्यापलीकडून, हे मी कधी कल्पनेतही आणलं नव्हतं. मी विचारलं, “बाबा, तुला हे एवढं सगळं कळलं कसं?”

ते माझ्याकडे बघत राहिले. “न्हाय कलला. लिव.”

पाटी विक्रेत्याच्या हातात होती. तो तिच्यात काहीतरी तपासत होता. मी तेच पुन्हा, मोठ्याने विचारलं. विक्रेत्याने दचकून वर पाहिलं. बाबांनी मान हलवली.

“मोठ्यानं नको बोलू. तोंड उघड. तुझं ओठ हालतच न्हाईत, बाय. त्या कानातल्या वायरीत बोलून बोलून तू दात न दाखवता बोलतेस. आन् बोलतेस ती पन टेबलाशी, माज्याशी न्हाय.”

आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं. आवाज खाली, माइक ओठांसमोर, शब्द अगदी मऊ. घरातही मी तशीच बोलत होते, बऱ्याचदा माइक तसाच ओठांवर आणि डोळे पडद्यावर. मी बाबांसमोर नीट उभी राहिले. आवाज न काढता, चाचांसारखं तोंड ताणून, त्याच प्रश्नाचा एकेक शब्द म्हटला. विक्रेता बघतोय याची लाज वाटत होती, तरी म्हटला. बाबांना पहिल्याच झटक्यात कळलं.

“कसं म्हंजे? सारी जिंदगी लूममदी काढली. तिथं काय मुका बसलू व्हतू? तुझी आय तरी कशी बोलायची माज्याशी?”

मग इतके दिवस माझ्याकडून लिहून का घेतलंस, असं मी विचारलं. हेही ओठांनीच.

“आय गेली आन् तू पाटी फुडं केलीस. मना वाटला, शिकलेली पोर हाय, तिला लिवायलाच बरा वाटतं. आपन कशाला मोडता घालायचा?” मग म्हणाले, “आन् लिवायला तू माज्या जवल येऊन बसायचीस. तवरा वेल बरा जायचा.”

मला तिथेच, काउंटरसमोर, रडू आलं. रागही आला. तो त्यांचा की माझा ते ठरवता येईना. दिवसभर परक्या माणसांच्या तक्रारी मी कान लावून ऐकत होते, आणि घरातल्या माणसाची एकच होती, की माझं तोंड त्याला दिसत नाही. ती त्याने केलीच नाही. मला बरं वाटावं म्हणून तो वाचत राहिला आणि त्याला बरं पडावं म्हणून मी लिहीत राहिले.

“मॅडम, फायनल?” विक्रेत्याने विचारलं. आता तो जरा हळू बोलत होता.

मी बाबांकडे पाहिलं. ते पाटीकडे बघत होते. त्यांनी ती विक्रेत्याकडून मागून घेतली, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि परत दिली. “ने,” म्हणाले.

परत येताना रिक्षा मिळाली ती सबंध खिळखिळी, आणि रिक्षावाल्याने गाणी लावलेली. लॅपटॉपचा खोका माझ्या मांडीवर होता. मला हलकंही वाटत नव्हतं आणि घेतलं ते बरं केलं असंही अजून वाटत नव्हतं. हातांना चैन नव्हती. बाबांनी विचारलं, “रातच्याला जेवायला काय?” माझा हात सवयीने पिशवीत गेला, पाटी शोधायला. तिथे पेन तेवढं राहिलं होतं, द्यायचं विसरले होते.

मी वळले, तोंड त्यांच्यासमोर आणलं आणि जीव खाऊन ओरडले, “सुकट आहे! भाकरी करते!”

रिक्षावाल्याने गाणी बंद करून मागे पाहिलं. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वरडतेस कशाला? मना दिसतंय.”