सॅटिनला पेज पाजणाऱ्या काकू

“आधी त्याले पेज पाज, मंग सुई दाखव.”

मशीनवर सॅटिन किंवा नायलॉन सटकायला लागलं की आमच्या शेजारच्या काकू एवढंच सांगत, जणू ते कापड नसून अशक्त पोर होतं.

बालाघाटात आम्ही मुली तसलं कापड शिवायला बसलो की टाका इकडे, कापड तिकडे. काकू भाताची पातळ पेज गाळून कापड तिच्यात बुडवत, सावलीत वाळवत. कडक झालेलं कापड मग शहाण्यासारखं वागे. तरी सरकलंच, तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवत आणि नंतर कागद फाडून काढत. कचेरीतून आलेले काका विचारत, “मधली बातमी कुठी गेली?”

“शेजारच्या पोरीच्या बाहीखाली.”

माझ्या लग्नाच्या ब्लाउजसाठी बाबांनी नागपूरहून गुलाबी सॅटिन आणलं. काकूंनी ते पेजेत बुडवून अंगणातल्या दोरीवर टाकलं. पेजेचा वास गल्लीतल्या गायीला लागला. आम्ही धावलो, तोवर तिनं एक टोक चघळून टाकलं होतं. लग्न तोंडावर, दुसरं कापड आणायला वेळ नव्हता. मी रडायलाच लागले.

काकूंचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे काकांनी मागाहून सांगितलं. मला मात्र म्हणाल्या, “काहून रडून राह्यली? बाह्या आखूड करतो. नागपुरात बाया अशाच घालून राह्यल्या.”

काकू नागपूरला कधी गेल्याच नव्हत्या.

मांडवात माझे उघडे दंड पाहून सासूबाईंच्या भुवया चढल्या. काकू लगबगीनं पुढे आल्या. “नवी तऱ्हा आहे बाई. तुमच्या तुमसरले अजून नाही आली काय?”

बालाघाट तुमसरच्या पुढे गेलेलं सासूबाईंना कसं खपणार?

“हौ, आली ना! कवाचीच आली!”

काका गेल्यावर काकू मुलाकडे तिरोडीला राहायला गेल्या. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेली होती. तरी हातानं चाचपत गोधडी शिवत बसल्या होत्या.

“काकू, दिसते काय?”

“नाही दिसत. पन हात रिकामे दिसले, की सून लसूण सोलाले देते.”

निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि हात हलवू लागल्या. मी उभी होते रस्त्याच्या कडेला. त्या हात हलवत होत्या समोरच्या निंबाच्या झाडाकडे. मी चपला न वाजवता निंबाखाली जाऊन उभी राहिले, आणि त्यांचा हात खाली येईपर्यंत तिथून हलले नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही.