म्हसोबाचा कोपरा

ताडकळसच्या मोटार स्टँडसमोर राजेश्रीचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिची एक रीत गावाला ठाऊक होती. हार्ड डिस्कचे भाग पाडताना ती शेवटचा एक तुकडा मोकळाच सोडायची. शेतात म्हसोबाच्या दगडाभोवती नांगर घालत नाहीत, तसा.

बाजाराच्या दिवशी अनंतराव मास्तर बायकोचा कम्प्युटर घेऊन आले. सुमंगलाबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. जात्यावरच्या ओव्या टाईप करता करताच त्या गेल्या होत्या.

"सगळं पुसून टाक, राजेश्री. लेक जेवायचं सोडून ह्याच्यापुढं बसायलीय."

"पुसते, सर. कोपरा तेवढा सोडते."

"आता मशिनीत बी म्हसोबा का? कायच ठिवू नको!"

राजेश्रीनं पहिल्यांदाच कोपरा न सोडता अख्ख्या डिस्कचा एकच भाग केला, फॉरमॅट मारला आणि मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर दोन भाग दिसले. दुसरा लहानसा, अगदी टोकाला. त्याचं नाव होतं सुमंगला.

"हे तू लिव्हलंस?"

"न्हाई, सर."

तिनं तो भाग उघडला. आत एकही फाईल नव्हती. तरी मोकळ्या जागेचा आकडा हळूहळू उतरत होता, कुणीतरी आत बसून लिहीत असल्यासारखा.

राजेश्रीचा हात बटणाकडं गेला. "बंद करू का, सर?"

मास्तरांनी हात आडवा घातला.

"थांब," ते अगदी हळू म्हणाले. "तिची ओवी अर्धी राहिलीय."